सीडिंग की सेटिंग? कॉलेज व्हॉलीबॉलचा ड्रॉ नेमका ठरतो कसा

मागच्या महिन्यात रात्री साडेअकराला भाचीचा मेसेज, "मामा आपल्याला बाय लागलाय!!" आणि खाली नाचणाऱ्या बाईचे तीन इमोजी. मी पण अंगठा टाकला आणि झोपायला निघालो. पाच मिनिटांत दुसरा मेसेज, "हे काय आहे मामा, पहिलीच मॅच होस्टशी, त्यांच्याच ग्राऊंडवर. सेटिंग आहे सगळी."

सोबत ड्रॉच्या कागदाचा फोटो होता. २३ कॉलेजं, सगळी नावं पेनाने लिहिलेली, हिचं कॉलेज २२ नंबरवर आणि यजमान कॉलेज २३ नंबरवर, दोघांनाही बाय. म्हणजे पहिला राऊंड दोघींनी बाहेर बसायचं आणि दुसऱ्या राऊंडला एकमेकींसमोर यायचं. मी स्वतः कॉलेजात तीन वर्षं लिफ्टर म्हणून (स्मॅश मारणाऱ्याला बॉल उडवून देणारा) खेळलोय आणि खरं सांगतो, आम्हीही दर वर्षी ड्रॉ हातात आला की पहिलं वाक्य हेच म्हणायचो, सेटिंग आहे. पण ह्यावेळी बसून तो कागद नीट उलगडला तर लक्षात आलं की ह्यात कोणी काही सेट केलेलं नव्हतं, सगळं नियमाने होतं, आणि तरीही पोरींवर अन्याय झालाच होता. हे दोन्ही एकदम कसं खरं असू शकतं ते सांगायचा प्रयत्न करतो.

आधी सीडिंग, म्हणजे भारी टीमना आधीच नंबर देऊन ड्रॉमध्ये लांब लांब बसवणं, कशाला लागतं ते बघू. समजा आठ टीम आहेत, नॉकआऊट आहे आणि सगळ्यांच्या चिठ्ठ्या डब्यात टाकून काढल्या. वाटायला सगळ्यात फेअर वाटतं ना, कोणाचा हात नाही कोणाचा वशिला नाही. आता त्यातल्या सगळ्यात भारी टीमला एक जागा मिळाली, मग दुसऱ्या नंबरच्या टीमसाठी उरल्या ७ जागा. त्यातली १ जागा पहिल्या टीमच्या शेजारची, म्हणजे पहिल्याच राऊंडला गाठ. २ जागा अशा की सेमीला गाठ. आणि ४ जागा पलीकडच्या हाफमध्ये, तिथे असतील तर भेट फायनललाच. म्हणजे चांगली टीमच कायम जिंकते असं धरलं तरी दुसऱ्या नंबरची टीम फायनलला पोचायची शक्यता ७ पैकी ४, साधारण ५७ टक्के. उरलेल्या ४३ टक्के वेळा ती आधीच घरी, आणि फायनलला कोणीतरी तिसरी नाहीतर चौथी टीम रुबाबात उभी. कॉलेजच्या पातळीवर ह्याने बराच फरक पडतो कारण युनिव्हर्सिटीच्या टीमसाठी पोरं बघणारे लोक शेवटच्या मॅचेसना येतात, पहिल्या राऊंडला सकाळी आठ वाजता कोण येणार.

म्हणून सीड देतात. पहिल्या सीडला सगळ्यात वर बसवायचं, दुसऱ्याला सगळ्यात खाली, तिसऱ्याला खालच्या हाफच्या डोक्यावर आणि चौथ्याला वरच्या हाफच्या तळाशी. बाकीच्यांच्या चिठ्ठ्या.

आता बाय. नॉकआऊटला २, ४, ८, १६, ३२ असा आकडा लागतो, २३ टीम असतील तर पुढचा आकडा ३२, म्हणून ३२ वजा २३, ९ बाय. हे बाय कोणाला द्यायचे त्याचाही ठरलेला क्रम असतो, पीटीच्या पुस्तकात असतो आणि बहुतेक सरांना तोंडपाठ असतो. पहिला बाय सगळ्यात खालच्या टीमला, दुसरा सगळ्यात वरच्या टीमला, तिसरा खालच्या हाफमधल्या पहिलीला, चौथा वरच्या हाफमधल्या शेवटचीला. बघा, ह्या चार जागा म्हणजे बरोब्बर चार सीडच्या जागा. मग पाचवा बाय परत खालून, म्हणजे २२ नंबरला. तिथे माझ्या भाचीच्या कॉलेजची चिठ्ठी पडलेली.

म्हणजे गंमत बघा, सीडला मिळालेला बाय हे बक्षीस असतं, आणि सीडच्या शेजारणीला मिळालेला बाय म्हणजे पाहुण्यांसमोर आधी गोड आणि मग बिल. एक मॅच कमी, पण जी पहिली मॅच ती थेट दुसऱ्या सीडशी, अंगात गेमच नाही, ग्राऊंडचा अंदाज नाही. तीन महिने सकाळी साडेसहाला प्रॅक्टिसला जाणाऱ्या पोरींना कदाचित एकच मॅच मिळणार. हा चिठ्ठीचा दोष, कुणा माणसाचा नाही.

पण खरा प्रश्न ह्याच्या आधीचा आहे. दुसरा सीड कोण हे ठरवलं कोणी आणि कशावरून? आपल्याकडे सरळ पद्धत, गेल्या वर्षी पहिले चार कोण आले ते बघा. यजमान कॉलेज गेल्या वर्षी फायनलला हरलेलं, म्हणून दुसरा सीड. सगळं नियमात. फक्त कॉलेजच्या खेळात एक गोची आहे जी क्लबच्या खेळात एवढी नसते, इथे दर वर्षी एक बॅच पास होऊन निघून जाते. त्या टीममधल्या तीन मेन पोरी गेल्या वर्षी टीवायला होत्या, आता नोकरीला लागल्या असतील नाहीतर एमबीएच्या क्लासला. म्हणजे सीड मिळाला आत्ताच्या टीमला आणि कमावला होता ज्यांनी त्या आता प्रेक्षकांत पण नाहीत.

मग जिथे पैसा आहे, माणसं आहेत, दर मॅचचा हिशोब आहे तिथे तरी हे नीट होतं का? अमेरिकेतल्या कॉलेज व्हॉलीबॉलचं उदाहरण घेऊ कारण तिथे हा विषय दर वर्षी पेटतो. तिथे एनसीएए नावाची संस्था कॉलेजचे खेळ चालवते. बायकांच्या व्हॉलीबॉलची वरच्या डिव्हिजनची स्पर्धा ६४ टीमची, सरळ नॉकआऊट, हरलात की बॅग भरा. साधारण अर्ध्या टीम आपापल्या कॉन्फरन्स जिंकून आपोआप येतात, कॉन्फरन्स म्हणजे आपल्या झोनसारखं धरा, फक्त तिथे कॉलेजं स्वतः ठरवून एकत्र आलेली असतात. उरलेल्या अर्ध्या टीम एक कमिटी निवडते, आणि सीडही तीच कमिटी देते. गेल्या वर्षीचा निकाल तिथे धरत नाहीत, ह्याच सीझनच्या मॅचेस धरतात. इथपर्यंत आपल्यापेक्षा बरंच.

पण साडेतीनशेच्या आसपास टीम, देश केवढा, प्रत्येकजण प्रत्येकाशी खेळणं शक्यच नाही. मग तुलना कशी करायची? त्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षं आरपीआय नावाचा आकडा वापरलाय. कमिटी एकमेकींशी झालेल्या मॅचेस, मोठ्या टीमवरचे विजय असं बाकीचंही बघते, पण भांडणं होतात ती बहुतेक ह्या आकड्यावरून. हिशोब असा, तुम्ही किती टक्के मॅच जिंकल्या त्याला २५ टक्के वजन, तुमच्या विरोधी टीमनी किती जिंकल्या त्याला ५० टक्के, आणि त्या विरोधी टीमच्या विरोधकांनी किती जिंकल्या त्याला २५ टक्के. वाचून डोकं फिरलं असेल तर उदाहरण घ्या. एक टीम २५ पैकी २० मॅच जिंकली, म्हणजे ०.८०. तिचे विरोधक आणि त्यांचे विरोधक अगदी मध्यम, दोन्हीकडे ०.५०. आकडा येतो ०.५७५. दुसरी टीम २५ पैकी १७ च जिंकली, ०.६८, पण विरोधक ०.६२ चे आणि त्यांचे विरोधक ०.५५ चे. आकडा येतो ०.६१७५. तीन मॅच कमी जिंकूनही दुसरी टीम वर.

ह्यामागचा विचार चुकीचा नाही हां. कच्च्या लिंबूंना हरवून फुगलेला रेकॉर्ड आणि पैलवानांशी खेळून आलेला रेकॉर्ड ह्यात फरक करायलाच पाहिजे. पण ह्या आकड्यातला ७५ टक्के भाग तुमच्या टीमच्या हातातच नाही, तो दुसऱ्यांनी दुसरीकडे काय केलं त्यावर ठरतो. ज्या कॉन्फरन्समध्ये सगळ्याच टीम तगड्या तिथे एकमेकींशी खेळून सगळ्यांचाच आकडा वर राहतो, सोसायटीत एक फ्लॅट महाग विकला गेला की सगळ्यांचेच भाव वाढतात तसं. आणि लहान कॉन्फरन्समधल्या चांगल्या टीमने घरातल्या दुबळ्या टीमना ३-० ने धुऊन काढलं तरी तिचा आकडा खाली येऊ शकतो, जिंकून सुद्धा! वर सूत्रात ३-० आणि ३-२ मध्ये फरकच नाही, जिंकलं म्हणजे जिंकलं. तुम्ही म्हणाल मग मोठ्या टीमशी खेळायला जा ना, पण मोठी टीम बोलवायला तर पाहिजे, आणि बोलावलं तरी ती स्वतःच्या हॉलवर बोलावते.

इथून होस्टिंगचा विषय सुरू होतो, आणि माझ्या मते सगळं दुखणं इथेच आहे.

एनसीएएच्या त्या स्पर्धेत पहिल्या १६ सीडना पहिले दोन राऊंड आपल्याच घरी खेळायला मिळतात, चार-चार टीमचा गट त्यांच्या हॉलवर येतो. त्यासाठी होस्टिंगचा अर्ज भरलेला पाहिजे आणि हॉल मोकळा पाहिजे, पण बाकी हक्क सीडचा. पुढचा टप्पाही मुख्यतः पहिल्या चार सीडच्या घरी होतो, ते टिकले तर. फक्त शेवटच्या चारजणींच्या मॅचेस आधीच ठरवलेल्या शहरात. म्हणजे वरच्या सीडला सोपी विरोधी टीम मिळते, आणि ती सोपी टीम परत तिच्याच घरी येऊन खेळते. एकाच मार्कशीटवर दोनदा बक्षीस. आता १६ नंबर आणि १७ नंबर ह्यांच्यात त्या आकड्याच्या तिसऱ्या दशांश स्थळाचा फरक असू शकतो, पण निकालात फरक केवढा, एक टीम घरच्या बेडवर झोपून हजारो लोकांसमोर खेळते आणि दुसरी विमान पकडून परक्या हॉलमध्ये. सीड देताना थोडी चूक होणारच, माणसं आहेत, पण होस्टिंग त्याला जोडलं की ती छोटी चूक लाऊडस्पीकरवर लावल्यासारखी मोठी होते.

घरच्या ग्राऊंडचा एवढा काय फायदा, कोर्ट तर सगळीकडे १८ बाय ९ मीटरच असतं, असं मला ऑफिसमधला एकजण म्हणाला. त्याने बहुतेक कधी लिफ्ट दिलेली नाही. लिफ्टर बॉल उडवतो तेव्हा त्याच्या डोळ्यासमोर छत, लाईट, मागची भिंत असते आणि त्यावरून त्याला उंचीचा अंदाज येतो. नवीन हॉलमध्ये पहिले दहा-पंधरा पॉईंट तो अंदाजच चुकतो. आंतरराष्ट्रीय नियमात कोर्टच्या वर किमान ७ मीटर जागा मोकळी पाहिजे, पण आम्ही एका हॉलमध्ये खेळलोय (नाव नाही घेत) जिथे एका बाजूला बीम एवढा खाली होता की यजमान पोरं पहिला पास मुद्दाम चपटा ठेवायची, आणि आमचे दोन बॉल पहिल्याच सेटमध्ये बीमला लागून आऊट. त्यांनी काही चीटिंग केली का, तर नाही, ती तिथे रोज खेळतात एवढंच. मातीच्या कोर्टवर तर विचारूच नका, संध्याकाळचं ऊन कुठल्या बाजूने डोळ्यात येतं, समुद्राकडून वारा आला की फ्लोटर सर्व्हिस किती वळते, पाणी मारून फक्की टाकल्यावर कुठला कोपरा निसरडा राहतो, हे घरच्याच पोरांना माहीत. दर सेटला बाजू बदलतात म्हणून ऊन-वारा थोडा वाटला जातो, सवय नाही वाटली जात. आणि पब्लिक. टच लागला की नाही, बॉल लाईनवर की बाहेर, असे निर्णय अर्ध्या सेकंदात द्यायचे असतात आणि मागे दोनशे पोरं ओरडत असताना लाईन्समनचा झेंडा कधीकधी थरथरतो, तोही माणूसच.

पब्लिकच्या बाबतीत अमेरिकेतल्या नेब्रास्का युनिव्हर्सिटीची गोष्ट सांगण्यासारखी आहे. ३० ऑगस्ट २०२३ ला त्यांनी बायकांची व्हॉलीबॉल मॅच थेट फुटबॉल स्टेडियममध्ये ठेवली आणि ९२,००३ माणसं आली. आपल्या वानखेडेत साधारण ३३ हजार मावतात, म्हणजे जवळजवळ तीन वानखेडे, कॉलेजच्या व्हॉलीबॉलला! अशा ठिकाणी होस्टिंग दिलं तर तिकीटं विकली जातात हेही उघड आहे, म्हणून होस्टिंगच्या निर्णयात खेळाइतकाच पैसा असतो.

पैशाचा दुसरा धागा म्हणजे अंतर. स्पर्धेच्या प्रवासाचा खर्च एनसीएए करते, आणि तिथे साधारण ४०० मैलांच्या आत असलात तर बस, त्यापलीकडे विमान असा हिशोब चालत आलाय. ४०० मैल म्हणजे ६४० किलोमीटर, आपल्या समृद्धी महामार्गापेक्षा जरा कमी. विमानं कमी लागावीत म्हणून सीड नसलेल्या टीम शक्यतो जवळच्या होस्टकडे ढकलल्या जातात, मग ती जोडी ताकदीने जुळत असो नसो. २०२२ पासून ते ३२ टीमना सीड देतात, त्याआधी १६ च सीड असायचे, म्हणजे उरलेल्या ४८ टीमचं नशीब बऱ्यापैकी नकाशावर. एकाच भागात चार भारी टीम असतील तर त्या एकमेकींना लवकर मारतात, आणि लांबच्या भागातली मध्यम टीम आरामात पुढे जाते.

आपल्याकडे विमान नाही, लोकल आहे. मुंबई युनिव्हर्सिटी पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत सात जिल्ह्यांची, सावंतवाडीच्या कॉलेजला मुंबई पाचशे किलोमीटरच्या आसपास, म्हणूनच आधी झोन पाडतात. पण झोनच्या आत सुद्धा डोंबिवलीहून पश्चिम उपनगरात रविवारी साडेबाराच्या मॅचला पोचायचं म्हणजे मेगा ब्लॉक, दादरला जिना चढून उतरून बदली, किटबॅग डोक्यावर, आणि पोचल्यावर वॉर्मअपला दहा मिनिटं. समोरची टीम घरून डबा खाऊन, चालत आलेली.

आता एक उलटी गोष्ट. अमेरिकेत सीड असला की यजमानपद मिळतं, आंतरराष्ट्रीय व्हॉलीबॉलमध्ये यजमानपद असलं की सीड मिळतो! २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला १२ टीमचे तीन पूल, म्हणजे गट, होते आणि यजमान म्हणून फ्रान्सला पूल ए च्या डोक्यावर बसवलं, पुरुषांमध्ये आणि बायकांमध्येही. पुरुषांची टीम तशीही टॉपची, आधीच्या टोकियो ऑलिंपिकची गोल्ड मेडलिस्ट, त्यांनी घरच्या पब्लिकसमोर परत गोल्ड मारलं. बायकांची टीम त्या मानाने खूप खालची, त्यांच्या पूलमध्ये अमेरिका, चीन आणि सर्बिया, आणि त्या तिन्ही मॅच हरल्या. एकच सवलत, एकच शहर, निकाल दोन टोकाला. म्हणजे होस्टिंगने कच्ची टीम पक्की होत नाही, पण जिथे दोन टीम जवळपास सारख्या असतात तिथे ते पारडं झुकवतं, आणि ड्रॉमधली भांडणं नेमकी त्या सारख्या टीमचीच असतात ना.

कोणालाच घर नाही असं केलं तर? कोविडच्या वेळी ते झालं. एनसीएएची २०२० ची स्पर्धा पुढे ढकलून २०२१ च्या एप्रिलमध्ये घेतली, ६४ ऐवजी ४८ टीम आणि सगळ्या मॅचेस ओमाहा शहरात. ओमाहा नेब्रास्का राज्यातलंच, त्यांच्या युनिव्हर्सिटीपासून ८० एक किलोमीटर, म्हणजे म्हटलं तर त्यांचं घर, पण तेवढं पब्लिक आत सोडणंच शक्य नव्हतं. नेब्रास्का टेक्ससकडून हरली आणि शेवटी केंटकी जिंकली, त्यांचं पहिलंच विजेतेपद. एका वर्षावरून काही सिद्ध होत नाही, पण जमतं एवढं कळलं. तरी ते दर वर्षी करणार नाहीत, कारण रिकाम्या खुर्च्या कोणालाच नको असतात, आणि खेळणाऱ्यांनाही नको असतात हे मी मान्य करतो.

मुंबईचा प्रॉब्लेम ह्याहून वेगळा आणि जास्त जुना आहे, जागेचा. भाचीच्या सरांना फोन केला, म्हटलं सर गेल्या वर्षीच्या फायनलिस्टनाच होस्टिंग कशाला दिलं. सर हसले. म्हणाले, "दिलं कोणी? मीटिंगला विचारलं कोण घेतंय, सगळे खाली बघायला लागले. रेफरींचे पैसे, चहा-वडापाव, मांडव, फर्स्ट एड, चार दिवस ग्राऊंड अडकणार. तुमच्या भाचीच्या कॉलेजला ग्राऊंड आहे का सांगा, आम्ही तर गच्चीवर नेट लावतो." मी गप्प. मुंबईत कितीतरी कॉलेजं म्हणजे एक बिल्डिंग आणि खाली पार्किंग. ज्याच्याकडे मैदान तोच होस्ट, ज्याच्याकडे मैदान त्याचीच वर्षभर प्रॅक्टिस, म्हणून तोच फायनलला, म्हणून त्यालाच सीड, आणि सीडला बाय. प्रत्येक पायरी नियमाने बरोबर, आणि सगळ्या पायऱ्या एकाच दिशेला.

मग करायचं काय, तर माझ्या मते मैदान वाटता येत नसेल तर निदान बाकीच्या गोष्टी सोडवून वेगळ्या करा. होस्ट ठरला की ड्रॉ दुसऱ्याच कॉलेजच्या सरांनी काढावा, आणि सगळ्यांसमोर, फोनवर लाईव्ह दाखवला तरी चालेल, खर्च शून्य. यजमान सीड असेल तर त्याची दुसऱ्या राऊंडची मॅच दुसऱ्या कोर्टवर ठेवावी, एखाद्या रविवारपुरतं मिळतं कुठेतरी. सीड देताना गेल्या वर्षीच्या टीममधले किती खेळाडू ह्या वर्षी आहेत ते विचारावं, निम्म्याहून जास्त गेले असतील तर सीड खाली सरकवावा. आणि जमलं तर थेट नॉकआऊट न ठेवता आधी पूल पाडावेत, १६ टीम असतील तर सापासारखे, पहिल्या पूलमध्ये १, ८, ९, १६, दुसऱ्यात २, ७, १०, १५, तिसऱ्यात ३, ६, ११, १४, चौथ्यात ४, ५, १२, १३. बेरीज करून बघा, चारही ठिकाणी ३४ येते. मॅचेस वाढतात हे खरं, चार पूलच्या २४ मॅच आधी आणि नॉकआऊट नंतर, रेफरींचा खर्च वाढतो, सर परत खाली बघतील. पण प्रत्येक पोरगी निदान तीन मॅच खेळते आणि सीड चुकला तरी सावरायला जागा राहते.

तर त्या रविवारी मॅच झाली. आम्ही मेगा ब्लॉकच्या भीतीने नऊलाच निघालो आणि दीड तास आधी पोचून सावलीत बसलो. पहिला सेट १४ वर हरल्या, अक्षरशः कोर्ट कुठे आहे ते शोधत होत्या. दुसरा जिंकल्या. तिसरा १५-१२ ने गेला. मेडल नाही, सर्टिफिकेट नाही, एक मॅच, बाहेर. आणि संध्याकाळी कळलं की तीच यजमान टीम पुढच्याच मॅचला एका बिनसीडच्या टीमकडून सरळ दोन सेटमध्ये हरली.

येताना ट्रेनमध्ये मला वाटलं भाची रडेल, पण ती मोबाईलवर कसलीतरी यादी करत होती. विचारलं काय करतेस, तर म्हणाली, "सेमीला गेलेल्या चार टीम लिहितेय मामा. ह्यातल्या एकीच्या सहापैकी पाच जणी टीवायला आहेत. पुढच्या वर्षी चिठ्ठी त्यांच्या शेजारी पडली ना, तर बाय चालेल आपल्याला."